बाराव्या ठाण्यातली कॉफी

डिटेक्टिव्ह म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे लांब कोट, भिंग आणि अंधारी गल्ली उभी राहत असे. दोष माझा नव्हे. रहस्यकथा वाचूनच मी लहानाचा मोठा झालो. परंतु गेल्या सुटीत चिरंजीवांनी ‘बार्नी मिलर’ ही जुनी अमेरिकन चित्रमालिका दाखवली, आणि तो कोट कायमचा खुंटीला लागला.

१९७५ ते १९८२ या काळात ती तिकडे दूरचित्रवाणीवर चालली. स्थळ न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधले बारावे पोलीस ठाणे, अर्थात काल्पनिक. पाठलाग जवळजवळ नाहीच. एक कळकट खोली, चार-सहा टेबले, कोपऱ्यात गजांची कोठडी. जो तो आपले गाऱ्हाणे घेऊन येतो आणि कॅप्टन मिलर सर्वांचे शांतपणे ऐकून घेतो. म्हातारा फिश चोरांपेक्षा स्वतःच्या दुखण्यांनी अधिक गांजलेला. यमाना कॉफी करतो, ती इतकी वाईट की कैद्यांनाही दया यावी!

मी ओरडलोच, “अरे, ही तर आमची शिक्षकखोली!”

आमच्याकडे यमानाचे काम ड्रॉइंगमास्तर करीत. त्यांचा चहा आणि ब्रश धुतलेले पाणी यांतला फरक रंगावरून तरी सांगता येत नसे. तरी मधल्या सुटीत कप पुढे आला की आम्ही सारे निमूटपणे पीत असू.

त्या ठाण्यात हॅरिस नावाचा एक ऐटबाज डिटेक्टिव्ह आहे. तो ठाण्यातल्या अनुभवांवर पुस्तक लिहितो, ते छापले जाते, आणि त्यात आपली बदनामी झाली म्हणून एक वकील त्याच्यावर फिर्याद लावून ती जिंकतो. इथे मात्र माझे हसू थांबले. कारण मीही एका कादंबरीत ड्रॉइंगमास्तरांना घातले होते. नाव बदलले होते. चहा बदलला नव्हता. वाचक त्या पात्राला पोट धरून हसले.

मास्तरांनी फिर्याद केली नाही. पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, चहाचं लिहिलंत ते खरं आहे. पण मी रोज सगळ्यांच्या आधी येऊन स्टो पेटवतो, ते राहिलं.”

“दुसऱ्या आवृत्तीत घालतो,” मी म्हणालो. दुसरी आवृत्ती निघाली नाही. दोन वर्षांनी मास्तर गेले.

यमानाचे काम करणारा नट जॅक सू १९७९ च्या जानेवारीत वारला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांत तोही होता. आणि पुढे त्याच माणसाने सबंध देशाला हसवले. त्याच्या स्मरणार्थ सोबत्यांनी एक खास भाग केला. त्याच्या जुन्या गमती दाखवून झाल्यावर शेवटी सर्वांनी कॉफीचे कप उंचावून त्याला निरोप दिला.

चिरंजीवांनी विचारले, “बाबा, विनोदी आहे ना? मग डोळे का पुसताय?”

सुटी संपल्यावर पहिल्या दिवशी मी शाळेत तासभर आधी गेलो आणि स्टो पेटवला. चहा अतिशय वाईट झाला. सर्वांनी निमूटपणे प्याला.