बीट सोलताना

लेक सातव्या महिन्यात अमरावतीहून अकोल्याला माहेरी आली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं. गरोदरपणात ते किमान ११ हवं. झालं, घरात बीटचा रतीब सुरू झाला.

पहिल्या दिवशी बटाट्यासारखं कच्चंच सोलायला बसले. ओटा, विळी, माझी बाही, सगळं लाल. खुर्चीवर ठेवलेल्या तिच्या नमाजच्या पांढऱ्या ओढणीवरही शिंतोडे उडाले. माझे हात बघून ती म्हणाली, "अम्मी, अशा हातांनी वुजू होईल का?" म्हटलं, मेंदीच्या हातांनी होते ना? हाही नुसता रंगच, नेलपॉलिशसारखा थर नाही.

शेजारच्या आपांनी मग रीत शिकवली. वरचा देठ दोन बोटं राखायचा, खालची शेपटी कापायचीच नाही. साल जिथे चिरेल तिथून रंग पाण्यात उतरतो. माती हलक्या हाताने धुवायची. मध्यम बीट असेल तर अख्खंच कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या. मग थंड पाण्यात बुडवून पाण्यातच अंगठ्याने साल सारायची, मोज्यासारखी निघते. चिरताना खाली स्टीलचं ताट, कारण लाकडी पाट रंग धरून ठेवतो. हातांना आधी तेलाचं बोट, नंतर लिंबाची फोड. कपड्यावर डाग पडला तर लगेच थंड पाण्याखाली धरायचा. ओढणीवरचे डाग मात्र वाळून गेले होते, ते अजून फिकट गुलाबी दिसतात.

ओटा स्वच्छ राहू लागला आणि मी खूश. लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून लेकीने ती सोडली, तर मीच म्हणाले, "राहू दे, बीट खातेस ना!"

महिन्याने तपासलं तर आठ. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे हिशेब सांगितला: १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसतं, सरकारी दवाखान्यातल्या एका गोळीत ६० असतं. बीटचा लाल रंग त्याचा स्वतःचा, रक्ताशी त्याचं काही नातं नाही. मी माझ्या नखांतल्या लालीकडे बघत बसले.

आता त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत. चहा दोन तास लांब. इतके दिवस बकरीला जाणारी बीटची पानं तुरीच्या वरणात पडतात. कंदापेक्षा त्यांतच लोह जास्त. बीटही होतंच, दह्यात, वरून जिऱ्याची फोडणी. तिला आवडतं म्हणून.

परवाच्या तपासणीत साडेनऊ आलं. गोळीची वेळ झाली की आता मी समोर बसते, ती गिळेपर्यंत.