नकुसाची पणती

मेढ्यात पावसानं जोर धरला की वेण्णा तांबडी होते आणि केळघरचा घाट धुक्यात बुडतो. अशाच पावसात, खाचरांत चिखलणी चालू असताना माझी आजी जन्मली. चौथी मुलगी. नाव ठेवलं नकुसा. मुलीला 'नकोशी' म्हटलं की पुढचा मुलगा होतो, असा समज. तिच्या पाठीवर खरंच मुलगा झाला आणि नाव लागू पडलं म्हणून सगळे खूश झाले.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं दुसरं नाव काढलं. रेशनकार्डावर तेच आहे. माहेरची माणसं मात्र शेवटपर्यंत नकुसाच म्हणत राहिली.

आमच्याकडचे पुरुष मुंबईला. आधी गिरणीत, मग माथाडीत. मागं भातलागण, गुरं, देणंघेणं सगळं बायकांवर. घर बाईनं चालवायचं आणि वाट मुलाची बघायची, हे कुणाला खटकलं नाही.

आजीनं लेकीला, म्हणजे माझ्या आईला, चांगलं नाव दिलं. पण रीत नाव बदलून आत आलीच. दुधावरची साय भावाच्या वाटीत, माझ्या वाट्याला 'तू मोठी ना?' आणि मला मुलगी झाली तेव्हा आई तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "पहिली बेटी धनाची पेटी. पुढच्या खेपेला होईल." रागानं नाही, मायेनंच. या गोष्टी अशाच समजुतीच्या सुरात उतरत येतात. मी तरी काय, लेकीला लाडानं 'माझा सोन्या तो' म्हणत होते.

२०११ साली आमच्या सातारा जिल्ह्यातल्या २८५ नकुसांची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. बातमी ऐकून आजीनं एवढंच विचारलं होतं, "पोरींनी आपली आपण निवडली?"

माझ्या लेकीच्या बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं. बायका पाळण्याभोवती 'आता पाठीवर भाऊ येऊ दे' म्हणू लागल्या. आजी उठली. भात लावून लावून वाकड्या झालेल्या बोटांनी तिनं कुंचीची कड मागं सारली.

"पाठच्याची वाट बघू नका. ही आलीया, हिच्याकडं बघा."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना मात्र ती तिला नावानं हाक मारत होती.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदावर आईचं नाव लावायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. माझी लेक त्यानंतरची. शाळेत घालताना ओळ अशी भरायची: तिचं नाव, मग माझं, मग तिच्या वडिलांचं, मग आडनाव. आजीचं पहिलं नाव कुठल्याच कागदावर नाही.