अण्णांची दुनळी

परवा अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची बंदूक विकायची म्हणून एका परवानाधारक विक्रेत्याकडे घेऊन गेलो होतो. दुनळी, बारा बोअरची, बर्मिंगहॅमची बनावट. त्यांनी ती उघडली, नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहिल्या, बंद केली, खांद्याला लावली आणि हसले.

"सर, नळ्या छान राखल्यात तुम्ही. आरशासारख्या आहेत. पण दस्ता कुणीतरी कापलाय. मूळच्या मालाला असा हात लावला की किंमत जाते बघा."

आणि दस्त्यापायी बरेच पैसे कमी करून त्यांनी एक आकडा सांगितला. मी "विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो. आकडा कमी वाटला म्हणून नव्हे. किंमत कमी करायचं खरं कारण त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं, म्हणून.

आधी दस्त्याची गोष्ट सांगतो.

अण्णांनी ही बंदूक १९५८ साली घेतली, वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका उंचापुऱ्या अधिकाऱ्याकडून. आमची शेती सावंतवाडीजवळ, डोंगराच्या पायथ्याला. भात तयार होत आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जायचा. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढला आणि बंदूक घेतली. पण अण्णांची उंची पाच फूट दोन इंच! पहिल्याच बाराला दस्ता काखेत अडकला आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसला. आठ दिवस हात काळानिळा होता. मग सावंतवाडीच्या एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी दस्त्याचा एक इंच कापून घेतला. कारागीर लाकडी फळं आणि खेळणी करणारा, बंदूक त्यानं जन्मात हातात धरली नव्हती. पण काप असा सरळ घेतला की आजही बोट फिरवलं तर कुठे अडखळत नाही.

आता यात अण्णांनी बंदुकीचं नुकसान केलं का? विक्रेत्याच्या हिशोबानं केलं. पण जिथे या बंदुका तयार होतात तिथली रीत काय आहे पाहा. लंडनच्या पर्डी (स्थापना १८१४) किंवा हॉलंड अँड हॉलंड (१८३५) यांच्यासारख्या घराण्यांत गिऱ्हाईक जातं तेव्हा शिंप्याकडे कोटाचं माप द्यावं तसं बंदुकीचं माप देतं. हाताची लांबी, मान, खांदा, डोळा कोणता चालतो, सगळं पाहतात. त्यासाठी दस्ता लांब-आखूड आणि डावा-उजवा करता येईल अशी एक मापाची बंदूकच असते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण पावणेपंधरा इंच अंतर मध्यम उंचीच्या माणसाला चालतं. अण्णांना ते कसं चालावं? म्हणजे ती बंदूक पहिल्यापासून दुसऱ्याच्या मापाचा कोट होती. अण्णांनी बाह्या आखूड करून घेतल्या, इतकंच.

अर्थात किंमत थोडी उतरते हे खरंच. संग्राहकाला वस्तू कारखान्यातून निघाली तशी हवी असते, आणि बंदूक जितक्या मोठ्या घराण्यातली तितकी ही घट जास्त. पण लाकडाचा दोष उघडा असतो. तो कोणालाही दिसतो, पट्टीनं मोजता येतो, आणि जोड देऊन भरूनही काढता येतो. पोलादाचं तसं नाही.

बारा बोअर म्हणजे काय, हे मी मुलांना वर्गात सांगत असे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास तो नळीचा व्यास. ०.७२९ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. बहुतेक दुनळींत ही नळी तोंडाशी शेवटच्या दोन-तीन इंचांत किंचित निमुळती केलेली असते. त्याला चोक म्हणतात. फुल चोक झाला तरी तो जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, पण त्यानं छर्रे लांबवर एकत्र राहतात. कुणी नळी दोन इंच कापून आखूड केली की तो गुण गेला, तो परत यायचा नाही. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानुसार वेगळा परवाना असल्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हाच आहे. दस्त्याबद्दल मात्र त्या कलमात अवाक्षर नाही. कायदा करणाऱ्यांनाही लाकूड आणि पोलाद यांतला फरक कळत होता म्हणायचा!

आता माझी गोष्ट. ही सांगायला जरा जड जातंय.

अण्णा १९८८ मध्ये गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर ते डुकरांना पळवायला फक्त हवेत बार काढत. शेवटची काही वर्षं तर बंदूक भिंतीवरच होती. परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा नळ्यांना आतून गंजाचे बारीक खड्डे पडलेले होते. कोकणातला पावसाळा कोणाला सोडतो? मी १९९१ मध्ये ती एका दुकानात दिली आणि सांगितलं, "नवी करून द्या." त्यांनी आतून खड्डे जाईपर्यंत घासली, बाहेरून घासली, काळं पॉलिश चढवलं. नळीवरची बनवणाऱ्याची अक्षरं पुसट झाली, पण बंदूक चमकायला लागली. मी खूश! घरी येईल त्याला दाखवत होतो.

काय केलं ते कळलं पुष्कळ वर्षांनी, या विषयावर वाचायला लागल्यावर. इंग्लंडात प्रत्येक नळी विकण्याआधी जास्तीची दारू भरून उडवून तपासतात आणि तसा शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं हे प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. पुढे नळी घासून तिचा व्यास शिक्क्याच्या मापापेक्षा इंचाच्या दहा हजारांशांहून जास्त वाढला, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर, तर तो शिक्का बाद. तशी बंदूक पुन्हा तपासून घेतल्याशिवाय तिथे विकता येत नाही. कारण उघड आहे. नळीची भिंत पातळ झाली, आणि बार डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतो.

म्हणजे अण्णांनी कापलं ते वापरण्यासाठी, आणि मी घासलं ते दाखवण्यासाठी. त्यांच्या बदलाला विक्रेत्यानं नावं ठेवली आणि माझ्या बदलाचं कौतुक केलं. आणि ते ऐकून मी गप्प बसून घरी आलो होतो.

रात्री हिला सगळं सांगितलं. मनात होतं की ही म्हणेल, जाऊ दे, त्याचं काम आहे तपासायचं. ती एवढंच म्हणाली, "ती घेणारा उद्या त्यात भारी काडतूस घालणारच नाही, असं कोण सांगणार?"

सकाळी विक्रेत्याला फोन केला आणि १९९१ चं सगळं सांगितलं. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मोजून घेऊ या." त्यांच्या कारागिरानं मापं घेतली. डावी नळी बसली हद्दीत. उजवी चौदा हजारांश वाढलेली निघाली. किंमत निम्म्याहून खाली आली. ही उडवण्यासाठी विकायची नाही, संग्रहासाठी घेणाऱ्यालाच द्यायची आणि कागदावर तसं लिहायचं, असं ठरलं. पैशाचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण अण्णांची धडधाकट बंदूक माझ्या हौसेपायी शोभेची झाली, ते जास्त लागलं.

बंदूक देण्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट आठवली. अण्णा काही टाकून देत नसत. आईच्या भांड्यांच्या कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली लहानपणापासून एक लाकडी ठोकळा होता. कपाट उचलून काढला, पुसला. अक्रोडाचं लाकूड, आणि एका बाजूला बारीक चौकटींची कोरलेली जाळी. अशा बंदुकांचा दस्ता खांद्यावरून घसरू नये म्हणून टोकाला कोरतात तीच!

विक्रेत्याकडे तो दस्त्याला लावून पाहिला. करवतीच्या जाडीएवढं अंतर सोडलं तर लाकडाची रेषा रेषेला मिळत होती. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "सर, हा आधी का नाही आणलात?" म्हणाले आणि किंमत थोडी वाढवली. सहासष्ट वर्षांपेक्षा जास्त काळ कपाटाखाली राहून लाकूड परत आलं. उजव्या नळीतलं पोलाद मात्र त्या दुकानाच्या फरशीवरून कधीच झाडलं गेलं.

असो. घरात जुनी वस्तू असेल तर तिला हात लावूच नका, असं मी म्हणणार नाही. वापरायची असेल तर जरूर आपल्या मापाची करून घ्या. फक्त जे काढाल ते जपून ठेवा. आणि नुसती चमकवावीशी वाटली, तर मऊ फडकं आणि थोडं तेल पुरतं.

कपाट सध्या डगमगतंय. पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली आहे.