आलापल्लीच्या वाटेवर

विदर्भाच्या अगदीं आग्नेय कोपऱ्यांत, जेथें मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारांत कानीं पडतात, तेथें आलापल्ली हें गांव आहे. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यांत मोडतें. चंद्रपुराहून गोंडपिपरीच्या मार्गानें निघालें म्हणजे आष्टीजवळ वैनगंगा ओलांडावी लागते. पुढें चपराळ्याच्या अरण्यापाशीं ती वर्धेस मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता हें एकच नांव धारण करितात. प्राणांस हितकर ती प्राणहिता! नदीस असें नांव देणाऱ्या अज्ञात पूर्वजाविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला.

आष्टी मागें पडली कीं सागाचें राज्य सुरू होतें. सुरजागडचें लोहखनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकांमुळें रस्त्यावर धूळ पुष्कळ. परंतु रस्ता सोडून शंभर पावलें आंत गेलें कीं ती विसरते. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह आणि मधून मधून बांबूचीं बेटें, असा येथील वनाचा थाट आहे. आलापल्लीचा साग उत्तम प्रतीचा म्हणून दूरवर नांवाजलेला आहे. भामरागडच्या रस्त्यावर सुमारें सोळा किलोमीटरवर ‘वनवैभव’ नांवाचा सहा हेक्टरांचा एक तुकडा कुऱ्हाड न लावतां राखून ठेविला आहे. २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. तेथील एकेका सागाच्या बुंध्यास कवेंत घ्यावयाचें तर दोघां-तिघांनीं हात धरावे लागतात. मान वर करून शेंडा पाहूं गेलों तों डोक्यावरील टोपी खालीं पडली!

या प्रवासांत आमच्यासमवेत आमच्या थोरल्या भगिनी व मुंबईस नोकरीस असलेला आमचा पुतण्या होता. त्यानें एक व्रत घेतलें होतें. मुंबईंत २००४ सालापासून जानेवारी महिन्यांत मॅरेथॉनची शर्यत भरते. धांवणारांपैकीं अनेकजण आपल्या इष्टमित्रांकडून देणग्या गोळा करून त्या एखाद्या लोकोपयोगी कार्यास अर्पण करितात. त्वचेच्या कर्करोगाविषयीं लोकांत जागृति व्हावी यासाठीं आपण धांवावें, असें त्यानें ठरविलें होतें; आणि सरावांत खंड पडूं नये म्हणून तो रोज पहाटे आलापल्लीहून नागेपल्लीच्या बाजूस धांवत जाई. पहिल्या दिवशीं वाटेवरील एका वृद्धानें त्यास थांबवून विचारलें, “अस्वल लागलें काय रे मागें?” मागें कोणी नसतां मनुष्य धांवतो, ही गोष्ट त्या बिचाऱ्यास पटेना.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर धांवणें. आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे ही शर्यत धांवले व एकोणिसावे आले. तो चमू पाठविण्यांत सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. पुढें १९३१ सालीं त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं दोराबजीही गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें. म्हणजे धांवणें आणि कर्करोगाशीं झुंजणें या दोन गोष्टींची सांगड आपल्या देशांत एका अर्थीं शंभर वर्षांची आहे. पुतण्यास हें आम्हीं सांगितलें तेव्हां तो क्षणभर स्तब्ध राहिला.

तथापि आमच्या मनांत एक शंका होती, ती आम्हीं बोलून दाखविली. “अरे, हा गोऱ्या लोकांचा रोग. आपल्या त्वचेंतील काळें द्रव्य ऊन अडवितें. मग या रानांत ही जागृति कोणासाठीं?”

त्यावर तो म्हणाला, “काका, उन्हानें होणारा कर्करोग आपल्याकडे कमी, हें खरें. पण तो जुन्या व्रणांतूनही उगवतो. भाजल्याचा वण, वर्षानुवर्षें न भरणारी जखम, सतत घासली जाणारी जागा, तेथें तो दबा धरून बसतो. मार्जोलिन नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८२८ सालीं अशा व्रणांचें वर्णन केलें, म्हणून त्यास मार्जोलिनचा व्रण म्हणतात.” काश्मिरांत थंडीपासून बचाव व्हावा म्हणून निखाऱ्यांची कांगडी अंगाशीं धरतात, तिच्या नित्य उष्णतेनें पोटावर व मांड्यांवर हा रोग होतो. महारोग्यांच्या बधिर तळपायांस पडणारे व्रण फार वर्षें राहिले तर त्यांतही हाच धोका असतो. शिवाय तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं वाढत जाणारा काळा डाग हाही काळ्यासांवळ्या त्वचेच्या लोकांनीं उपेक्षूं नये, असें त्यानें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही हेमलकशास गेलों. बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं येथें लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं आपलें आयुष्य येथील माडिया गोंडांच्या सेवेस वाहिलें. २००८ सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हें सर्वश्रुतच आहे. थंडींत शेकोटीभोवतीं निजणें हा येथील जुना परिपाठ; त्यामुळें भाजलेले रोगी येथें आरंभापासून येत आले. प्रारंभीच्या काळीं रस्ते नव्हते. रोग्यास खाटेवर घालून आप्तजन नदीनाले ओलांडीत, कधीं दोन-दोन दिवस चालत येत. आलापल्लीहून हेमलकसा साठेक किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दीड मॅरेथॉन! परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ गप्प होता. शेवटीं तो म्हणाला, “काका, माझ्या गळ्यांत पदक पडेल. त्या खाट वाहणारांस कोणी टाळीही वाजविली नसेल.”

परंतु या प्रवासांत आमच्या अंतःकरणास जें लागलें तें निराळेंच. त्या रात्रीं विश्रामगृहाच्या ओसरीवर पुतण्यानें आणखी एक हकीकत सांगितली. २०२४ सालीं वर्ध्याच्या व बिहारमधील डॉक्टरांनीं एका वैद्यकीय नियतकालिकांत दोन वृद्ध स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परकराची नाडी किंवा लुगड्याची गांठ कमरेशीं वर्षानुवर्षें घट्ट आवळल्यानें तेथील कातडी घासून जखम झाली, ती भरेना, आणि शेवटीं तिचा कर्करोग ठरला. एकीचा तर जांघेंतील गांठींपर्यंत पसरला होता.

आमच्या भगिनी आज साठ वर्षें नऊवारी नेसतात. त्या कांहीं वेळ काहींच बोलल्या नाहींत. मग हलकेच पुतण्यास म्हणाल्या, “अरे, माझ्याही कमरेशीं उजव्या बाजूस एक जागा चार-सहा महिने चिघळते आहे. हळद लावतें, बरी होते, पुन्हां फुटते. असल्या जागेचें काय सांगावयाचें कोणाला?”

त्या एका वाक्यांत जागृतीचें सारें मर्म आम्हांस दिसलें. घरांत शिकलेलीं माणसें, औषधास पैसा, दवाखाना हाकेच्या अंतरावर; तरीही सहा महिने ती जखम लुगड्याखालीं झांकलेली. अरण्यांतील माडियास रस्त्यानें अडविलें होतें, आमच्या घरांत तें काम संकोचानें केलें! नागपुरास पोंचतांच त्यांस त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं जखमेचा बारीकसा तुकडा तपासावयास पाठविला. निकाल येईपर्यंतचे आठ दिवस आम्हीं कसे काढले, तें आमचें आम्हांसच ठाऊक. ईश्वरकृपेनें त्यांत कर्करोग आढळला नाहीं. गांठ सैल बांधावी, तिची जागा पालटीत जावी आणि व्रण पुन्हां फुटल्यास तत्काळ दाखवावा, एवढेंच डॉक्टरांनीं सांगितलें. पुतण्याच्या देणगीपत्रकावर पहिली रक्कम भगिनींनींच घातली.

वाचकांपैकीं कोणास सवड झाली तर त्यांनीं हिंवाळ्यांत आलापल्लीस अवश्य जावें, वनवैभवांतील साग पाहावे, हेमलकशास नमस्कार करून यावें. परंतु त्याआधीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ घटकाभर बसून, न भरणारी एखादी जखम कोठें आहे काय, एवढें आदरपूर्वक विचारावें. त्यासाठीं बेचाळीस किलोमीटर धांवावें लागत नाहीं. माजघरापर्यंत चालत गेलें तरी पुरतें.