नऊ आणे

आमच्या पांडेसऱ्याच्या खोलीत खिळ्याला एक झांज टांगलेली आहे. बारा इंचाची. कड हाताने घासलेली, म्हणून पुरती गोल नाही. येणारा पाहुणा हमखास विचारतो, "एकटीच का? जोड कुठं गेली?" जोड नव्हतीच. ड्रमवर बसवून काठीनं वाजवायची ती झांज. आणि मुळात ती सोळा इंचाची होती.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. शहादा तालुक्यातल्या एका बॅण्डमध्ये ते ड्रम वाजवीत. खानदेशात बॅण्डाशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय वरण; तेव्हा दोन-चार महिने आबांचा थाट असे. पण बॅण्ड मोडला, आणि मालकाकडे दोन लग्नसराईंचे पैसे अडकले. हेलपाटे घालून पैसे मिळेनात, तेव्हा एके दिवशी आबांनी ड्रमवरची झांज सोडवली, पोत्यात गुंडाळली आणि तापी लाइनची गाडी धरली. उधन्याला उतरून पांडेसऱ्यात आले ते १९८६ साली. कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये लागले. मायनं एकदा हिशेब मांडला होता, की ती झांज मालकानं विकत घेतली असती तरी आबांच्या थकबाकीच्या चौथाईला पुरली नसती. पण आबा कुणालाही सांगत, "अस्सल कासं आहे. पितळ नव्हे."

पांडेसऱ्यात आमच्या ओळीत सगळे धुळ्या-जळगावकडचे, पलीकडच्या ओळीत गंजामचे ओडिया. गणपतीत आणि श्रावणातल्या कानबाईच्या मिरवणुकीत आबांची झांज वाजे. मिलच्या बॉयलरपुढून परत आलेला माणूस काठी हातात घेतली की निराळाच दिसायचा.

१९९४ च्या विसर्जनाला गर्दीत कुणा पोरानं काठी हिसकावून आडवी मारली. ऐन कडेवर. आवाजात एक खरखर आली, आबांनी लगेच तळहात ठेवून झांज थांबवली. कडेपासून आत केसाएवढी रेघ गेली होती. त्या तड्याचं दुःख करायलाही सवड मिळाली नाही. आठवडा झाला नसेल, तोच शहरात प्लेगची बातमी फुटली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांना रांगा, नाकाला रुमाल, आणि मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळणारी माणसं. आम्हीही भुसावळकडच्या गाडीत दाराशी उभे राहून गेलो. झांज खिळ्यालाच राहिली.

दिवाळीनंतर परतलो तेव्हा घरात दाणा नव्हता, बुडालेले पगार काही मिळणार नव्हते. माय म्हणाली, "मोडमा देई टाका, तेवढाच किराणा व्हई जाई." आबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत. मायनं मग स्वतःचे चांदीचे गोट मोडले. ही गोष्ट त्यांच्यात पुन्हा कधी निघाली नाही, पण झांजेकडे पाहताना दोघांच्या मनात तीच असावी असं मला वाटत आलं आहे.

आबांनी ती तशीच वाजवायचं ठरवलं. तडा थांबत नसतो, हे आम्हांला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी रेघ वाढली, आणि सरळ आत न जाता चाकावर उठलेल्या रेषांच्या बाजूनं वळू लागली. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला पाच रुपयांत जोडून देतो म्हणाला. मी झांज घेऊन निघालो, तर वाटेत पलीकडच्या ओळीतला ओडिया फिटर भेटला. त्याच्या गावी कीर्तनात मोठी झांज असते आणि गिनी नावाचे लहान टाळ असतात. त्यानं बोटानं टिचकी मारून ऐकलं. "गैस मत लगाओ. आवाज मर जाएगा."

त्याचं खरं होतं. झांजेचा पत्रा ठोकून ठोकून ताठ झालेला असतो, तो ताठपणाच तिचा आवाज. आच लागली की धातू मऊ पडतो, मग पातेलं वाजवा की झांज वाजवा, सारखंच. पुढं वाचनात आलं, की इस्तंबूलमध्ये १६२३ साली सुरू झालेलं झिल्जियान घराणं, जे पुढं अमेरिकेत गेलं, तेही झांजेला चार हिस्से तांबं आणि एक हिस्सा कथील असलेलं कासंच वापरतं. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. या कांशाचं उलटं, लाल करून बुडवलं की ते ठोकण्याजोगं होतं. पण हे सगळं कासाराच्या भट्टीतलं काम. तयार झांजेच्या एका कोपऱ्यावर गॅस मारणं म्हणजे तिचा जीव घेणं.

फिटरनं तड्यावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड टाकली. थोड्या वेळानं आत राहिलेलं रॉकेल खडूत उतरलं. डोळ्यांना एक इंच दिसणारी रेघ दीड इंचाची निघाली! मिलमध्ये मशीनचे शाफ्ट तो असेच तपासायचा. रेघ जिथं संपते त्याच्याही पुढं अर्धा इंच चांगला धातू सोडून द्यायचा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे चारी बाजूंनी दोन इंच. सोळाची बारा.

आबांना हे सांगणं माझ्यावर आलं. ते बराच वेळ झांज मांडीवर घेऊन बसले. मग बोटांवर हिशेब केला. जुन्या माणसांचा आण्यांचा. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, सोळा सोळे दोनशे छप्पन. "रुपयातले नऊ आणे राहतील," ते म्हणाले, "सात आणे जातील." मला हे गणित अजून चकित करतं, कारण ते पैशाला पैसा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी झांज माझ्या हातात दिली.

दोन रविवार लागले. कंपासनं वर्तुळ आखलं, झांज दोन फळ्यांमध्ये आवळली, आणि हॅक्सॉनं रेघेला चिकटून सरळ काप घेत गेलो. आधी कोनाकोनांची झाली, मग कोन कानशीनं उतरवले. कातर लावायची नाही, कड मुरडते. पत्रा गरम झाला की थांबून पाणी. शेवटी बारीक पॉलिश पेपरनं कड गोल केली, कारण राहिलेला एक ओरखडासुद्धा पुढचा तडा होतो. कापलेला एक तुकडा फिटरनं पकडीत धरून वाकवला. कासं असतं तर तुटलं असतं. तुकडा मुकाट्यानं वाकला.

पितळ होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आबांना सांगितलं नाही.

आवाज बदलला होता. उंच, तोकडा, पूर्वी झांज बोलून झाल्यावरही हवेत राहायची, आता लगेच गप्प व्हायची. आबांनी एकच ठोका मारला आणि काठी माझ्याकडे दिली. "हाऊ आवाज मन्हा नही." त्यानंतर ती मीच वाजवली, आता माझा मुलगा वाजवतो.

पण वाया गेलेल्या सात आण्यांतून फिटरनं बारा चकत्या काढल्या होत्या, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या. आठ चिपळ्यांत बसवल्या, चार खंजिरीत. चिपळ्या आबांनी घेतल्या आणि शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. त्यांतली एक चकती तड्याच्या फार जवळून कापली गेली होती. ती खळ्‌ वाजते, बाकीच्या छन्‌. मी बदलून देतो म्हणालो, तर त्यांनी चिपळ्या उशाखाली ठेवल्या. म्हणाले, "राहू दे. कांशाची आहे."