एका वेळी एकच विषय

तुमचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जात असेल, तर तिथला दिवस कसा जातो हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळच्या एसटीने गेलेले पोर चार-पाच विषयांचे चार-पाच तास ऐकून संध्याकाळी परत येते. धडा पाण्याचा असला तरी पाटाच्या काठी जायला सवड नसते. निघेनिघेपर्यंत पुढच्या तासाची घंटा होते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरात, १८७४ साली स्थापन झालेले कोलोरॅडो कॉलेज आहे. त्या कॉलेजाने १९७० साली या घंटेवर सरळ उपाय केला. एका वेळी एकच विषय! साडेतीन आठवडे मुलांनी तोच शिकायचा आणि प्राध्यापकांनीही तोच शिकवायचा. सोमवारी सुरू झालेला विषय चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी संपतो. मग थोडी सुट्टी आणि पुढच्या सोमवारी नवा विषय. वर्षात असे आठ विषय होतात. वर्ग लहान ठेवतात, पंचवीसपर्यंत. दुसरा तासच नसल्यामुळे अख्खा वर्ग गाडीत बसवून हवा तिथे नेता येतो, मुक्कामही करता येतो. आज आपणही अशाच एका वाटेने जाऊ. ती वाट शेतकऱ्यांच्या मुलखात जाते.

शहरातून निघून डोंगर ओलांडले, की मोटारीने सुमारे तीन तासांत सान लुईस खोरे लागते. उतरल्यावर दोन पावले भरभर टाकलीत तर दम लागेल. आपले कळसूबाईचे शिखर ५४०० फुटांचे. या खोऱ्याचा तळच साडेसात हजार फुटांवर आहे. भोवतीचे डोंगर चौदा हजारांवर जातात. पाऊस मात्र वर्षाला जेमतेम सात-आठ इंच. माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेसुद्धा याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरीही इथे बटाटा पिकतो, बार्ली पिकते, लसूणघास डोलतो. डोंगरावरचे बर्फ वितळून येणारे पाणी आणि जमिनीखालचे पाणी, या दोनच गोष्टींवर हे सगळे चालते. विमानातून पाहिले तर शेते गोल दिसतात. मध्ये विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक पाइप. एकेक वर्तुळ सुमारे सव्वाशे एकरांचे!

खोऱ्याच्या पूर्व कडेला क्रेस्टोन गावाजवळ कॉलेजने राहण्या-शिकण्याची सोय केली आहे. बाका असे त्या जागेचे नाव. जवळच वाळूच्या टेकड्या आहेत, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच, साडेसातशे फुटांच्या आसपास. मुले त्या चढतात, फोटो काढतात, ते ठीकच आहे. पण खरा धडा त्या वाळूच्या आजूबाजूच्या जमिनीखाली आहे.

१९८६ साली एका कंपनीने बाका इथल्या मोठ्या जमिनीखालून वर्षाला दोन लाख एकर-फूट पाणी उपसून डोंगरापलीकडच्या शहरांना विकायचा बेत आखला. एक एकर रानात एक फूट उंच पाणी उभे राहील, ते एक एकर-फूट. असे दोन लाख! खोऱ्यातली माणसे हादरली. त्यांनी आपल्यावरच जादा कर बसवून घेतला आणि त्या पैशातून वकील, तज्ज्ञ उभे केले. १९९१ साली कोर्टाने कंपनीचा अर्ज फेटाळला, १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. पुढे पुन्हा एकदा तसाच प्रयत्न झाला. शेवटी ती जमीनच विकत घेतली गेली आणि २००४ साली वाळूच्या टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले. डोंगरापलीकडच्या शहरातून आलेल्या मुलांना ही हकिगत त्याच जमिनीवर उभे राहून ऐकता येते. पुस्तकात ती एका परिच्छेदात संपली असती.

पाणी परक्यांनी नेले नाही, तरी ते खाली गेलेच. २००२च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल जाऊ लागल्या, आणि या वेळी उपसा आपलाच होता. तेव्हा शेतकऱ्यांनी आपापसात मंडळ करून २०१२ पासून स्वतःच्या उपशावर पट्टी लावून घेतली. जितके उपसाल तितके भरा. त्यावर कुरबुरी झाल्या, होतात. बोअर मारून मारून थकलेल्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

आता खोऱ्याच्या दक्षिणेला, सान लुईस या गावी या. १८५१ साली वसलेले हे कोलोरॅडोतले सर्वांत जुने गाव. इथल्या पाटाचा पाणीहक्क १८५२चा, राज्यात पहिल्या क्रमांकाचा. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांनी तो खणला. शेते म्हणजे नदीपासून डोंगराकडे गेलेले लांब अरुंद पट्टे. गावाला सामाईक गायरान आहे, आणि ते अजून टिकले आहे, हे विशेष. पाटाला माणूस नेमतात, त्याला ते मायोर्दोमो म्हणतात. आपण त्याला पाटकरी म्हणू. वसंतात पाणी सोडण्याआधी घराघरातून एकेक जण फावडे घेऊन येतो आणि सगळे मिळून पाट साफ करतात. पाणी कमी आले तर टंचाईही वाटून घेतात. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गाव परके वाटणार नाही.

या शिक्षणाचे कौतुक मी करतो, पण दोन गोष्टी तुमच्यापासून लपवीत नाही. एक म्हणजे पैसा. या कॉलेजची फी वर्षाला साठ हजार डॉलरांच्या वर आहे, म्हणजे आपले पन्नास लाख आणि वर. मदत मिळते काहींना, तरी हा खेळ श्रीमंतांचाच. दुसरी गोष्ट तुमच्या लगेच ध्यानात आली असेल: बटाटा साडेतीन आठवड्यांत लावून काढता येत नाही. मूल लागवड पाहील किंवा काढणी पाहील. दोन्हींच्या मधली काळजी, रात्रीची पाळी, पडलेला भाव, हे त्याला शेतकऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागणार. म्हणून ऐकवणारा शेतकरी कोण भेटतो, यावर बरेच अवलंबून आहे.

आपल्याकडेही शेवटच्या वर्षाची कृषी महाविद्यालयाची मुले गावात येतात. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. बीजप्रक्रिया दाखवतात, माती परीक्षणाचा नमुना घ्यायला शिकवतात, सरपंचांबरोबर फोटो होतो. यंदा ती आली तर चहा पाजून लगेच वाटेला लावू नका. पाटकऱ्याकडे न्या. बोअर कोणत्या साली किती फुटांवर लागली, त्याचा हिशेब घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना सांगावा आणि मुलांनी तो वहीत उतरून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. रात्रीच्या पाळीला एकदा तरी त्यांना बरोबर घ्या. बॅटरी त्यांच्याच हातात द्या.