ठिणगीचा शोध

डॉक्टर रोग्याला आधी तपासतात, मग औषध देतात. यंत्राच्या बाबतीत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. गाडी बंद पडली, की "प्लग गेला असेल", "बॅटरी उतरली असेल" असे अंदाज सुरू होतात आणि चांगले भाग काढून नवे बसवले जातात. मराठीत म्हण आहे : रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पूर्वी रेड्याच्या पाठीवर पाण्याची चामडी पखाल लादत. दुखणे रेड्याचे असताना पखालीला औषध लावून काय उपयोग?

आमच्या घरी अब्बांची जुनी येझदी मोटारसायकल आहे. या गाड्या मैसूरला बनत. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. अब्बांनी ही गाडी 1988 मध्ये घेतली. आता मी तिच्यावरून शाळेत जातो.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तिला विचित्र दुखणे जडले. चालता चालता ती एकदम बंद पडे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. एका गॅरेजात प्लग बदलला, दुसऱ्यात कॉईल बदलली. दुखणे तसेच राहिले. "भंगारात देऊन टाका," असे शेजारी म्हणू लागले. अब्बा काहीच बोलले नाहीत; पण त्या दिवशी ते गाडी बराच वेळ पुसत बसले.

शेवटी मी मालेगावातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. तेथे आमच्या नववीतला एक मुलगा पाने धूत बसला होता. तीन आठवडे तो शाळेत आला नव्हता. मला पाहताच त्याने मान खाली घातली. उस्ताद हलक्या आवाजात म्हणाले, "सर, याच्या वडिलांचे लूम बंद आहेत. घरी अडचण आहे. पण याचा हात चांगला आहे. गाडी याला पाहू द्या."

मुलाने आधी पाना उचलला नाही. त्याने विचारले, "सर, गाडी केव्हा बंद पडते? गरम झाल्यावर, पावसात, की खड्ड्यात?"

"तसा काही नेम नाही," मी म्हणालो.

त्याने प्लग काढला. टोक ओले होते. म्हणजे पेट्रोल येत होते. मग प्लग वायरीला जोडून त्याने इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी उडाली. "आत्ता ठिणगी आहे. म्हणजे दोष येतो आणि जातो," तो म्हणाला. हॉर्न खणखणीत वाजला. बॅटरी ठीक होती. कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट त्याने पट्टीने मोजली. तीही बरोबर, 0.4 मिलिमीटर होती.

मग त्याने दोन तारा जोडलेला सहा व्होल्टचा छोटा दिवा काढला. एक तार गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरी कॉईलला वीज येते तेथे लावली. किल्ली फिरवताच दिवा लागला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने हँडल हळूहळू डावीकडे वळवले. दिवा विझला! उजवीकडे वळवले; दिवा लागला.

"सापडलं, सर!"

हेडलाइटवरच्या स्विचपासून कॉईलकडे जाणारी वायर वरून धड दिसत होती. इतकी वर्षे वाकून वाकून आतले तांबे तुटले होते. हॉर्नची वायर वेगळी असल्यामुळे तो वाजत होता. वीतभर नव्या वायरीने काम झाले.

हात पुसताना मुलाने विचारले, "सर, बॅटरी सहाच व्होल्टची, मग ठिणगी उडते कशी?"

मी सांगितले, "पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो आणि कॉईलमधले चुंबकत्व एकदम नाहीसे होते. त्यामुळे कॉईलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट निर्माण होतात. हा नियम मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधला. ते लोहाराचे पुत्र. लहानपणी पुस्तके बांधण्याच्या दुकानात काम करत आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत."

"पण चुंबकत्व गेल्यावर वीज का येते?"

"ते दहावीच्या पुस्तकात आहे."

"मी तर नववीतच..." तो पुढे बोलला नाही.

उस्ताद ऐकत होते. ते म्हणाले, "शाळा पाचला सुटते ना, सर? हा साडेपाचला येईल. जमेल तेवढी मजुरी मी देत राहीन. याच्या वडिलांशी मात्र आपण दोघे बोलू."

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाकडे पाहिले आणि होकार दिला. सोमवारी मुलगा वर्गात आला. त्याच्या खिशात तो छोटा दिवा होता.